सतरा नंबरचे दात

४ जानेवारी, सोमवार

एकतीस वर्षं मी रजिस्टर लिहिते आहे. तारीख, नंबर, कशातून कशात, सही. त्यात मनातलं लिहायला रकाना नाही. निवृत्तीला नऊ महिने उरलेत आणि पोटात बरंच साठलंय, म्हणून ही वही. कुणी वाचणार नाही, त्यामुळे अक्षराचीही फिकीर नाही.

माझं काम बुरशी जगवण्याचं. लोक बुरशी दिसली की फडकं घेऊन धावतात, मला ती जपायचा पगार मिळतो. झाडांना रोग करणाऱ्या दोनशे बारा बुरश्या माझ्या कपाटात आहेत. दर तीन महिन्यांनी प्रत्येकीचा तिळाएवढा तुकडा सुईने उचलायचा आणि बटाट्याच्या पाण्याची साखर घातलेली जेली असते, तिच्या नव्या बशीत ठेवायचा. झालं स्थलांतर.

आज सतरा नंबरची पाळी होती. सतरा म्हणजे टोमॅटोवर काळे डाग पाडणारी. ती एक विष करते, आणि गंमत म्हणजे ते विष ठरावीक जातींच्या टोमॅटोलाच बाधतं, बाकी झाडं ढिम्म हलत नाहीत. म्हणून टोमॅटोची नवी जात निघाली की तिच्या पानांवर आम्ही सतरा सोडतो. डाग पडले तर झाड बाद, नाही पडले तर पास. बावीस वर्षं सतरा माझ्या हातात आहे आणि एकदाही तिच्या बशीत भलतंसलतं काही उगवलेलं नाही. हे मी कुणाला सांगत नाही, पण वहीला सांगायला काय हरकत आहे?

सतराच्या बशीत काही भाग काळपट, दबलेले असतात आणि कडेला पांढरीशुभ्र, भराभर वाढणारी झालर असते. मी नेहमी त्या झालरीतला तुकडा उचलते. उचलायचं तर चांगलं तेच उचलावं, मंडईत आपण दुसरं काय करतो?

८ जानेवारी, शुक्रवार

यांनी आज ग्रीनहाऊसमधलं एक झाड मुळासकट उपटलं. हे म्हणजे माझा नवरा. नाव घ्यायची सवय वहीतसुद्धा होत नाही. हे याच संस्थेत मागच्या अंगाला टोमॅटोच्या जाती तयार करतात. नऊ वर्षं एकाच जातीच्या मागे आहेत आणि तिला ‘धाकटी’ म्हणतात, कारण थोरला आमचा मुलगा. तो नोकरीसाठी दूर गेला, धाकटी घरात राहिली. यंदा तिचं बी पाकिटात भरून लोकांच्या हातात जाणार. माझ्या सतरानेच तिला पास केलंय, म्हणजे आईकडूनही लेक पास.

तर झाड. मी डबा द्यायला गेले तेव्हा हे मातीत गुडघे टेकून बसले होते. “काय झालं?” म्हटलं, तर म्हणाले, “काही नाही गं, पाणी जास्त झालं त्याला.” एक पान मात्र कागदात गुंडाळून खिशात ठेवलं. पाणी जास्त झालेलं पान कशाला जपायचं? पण निवृत्ती जवळ आली की माणूस हळवा होतो म्हणतात.

१४ जानेवारी, गुरुवार

आमच्याकडे एक नवी संशोधक मुलगी आली आहे. ती चालत नाही, गरगर फिरते. मी तिला भिंगरी म्हणते आणि तिला ते आवडतं. आज दारातूनच ओरडली, “काकू, तुमची सतरा द्या ना, गुणसूत्रं बघायची आहेत!”

“सतराची कशाला? दोनशे अकरा बाकीच्या आहेत.”

“सरांनी सांगितलं सतराच घे म्हणून. आणि तुलनेला त्यांनीच एक ताजी बुरशी दिली.”

सर म्हणजे हेच. संध्याकाळी विचारलं, ताजी कुठून आणली? म्हणाले, “असंच, एका झाडावरची.” मी म्हटलं, कुठल्या झाडावरची, रजिस्टरला उगम लागतो. तर यांनी वर्तमानपत्र वर केलं. शेवटी ‘उगम अज्ञात’ लिहून २१३ नंबर दिला. एवढा शिकलेला माणूस, पण नोंदीच्या बाबतीत आनंदच आहे.

२० जानेवारी, बुधवार

पाकिटं छापून आली. लाल टोमॅटो, हिरवी किनार, दृष्ट लागेल अशी. आणि यांना रंग आवडला नाही! “लाल जरा भडक वाटतो,” म्हणे. सगळी परत पाठवली. संचालक वैतागले, मी तर पाहतच राहिले. ज्या माणसाला स्वतःच्या शर्टाचा रंग सांगता येत नाही, तो पाकिटाच्या रंगावर अडून बसलाय. मला वाटतं, लेक सासरी जायची वेळ आली की बाप असाच काहीतरी खुसपटं काढत असणार. मला उलट माया वाटली.

२ फेब्रुवारी, मंगळवार

भिंगरीचा फोटो तयार झाला. ती बुरशीची गुणसूत्रं जेलीच्या एका लादीत घालते आणि चार दिवस वीज सोडते. मोठी गुणसूत्रं रेंगाळतात, बारकी पुढे पळतात, आणि शेवटी लादीवर शिडीसारखे पट्टे दिसतात. दोन शिड्या शेजारी शेजारी होत्या, २१३ आणि सतरा. वरच्या पायऱ्या सारख्या. २१३ ला मात्र अगदी तळाशी एक बारीक पट्टा आहे आणि सतराला तो नाही.

“मग?” म्हटलं.

“काकू, विष करायची जनुकं त्या बारक्यावर असतात.”

मी म्हटलं, तुझी लादी बिघडली असेल. ती म्हणाली, तीनदा केलं. मी म्हटलं, चौथ्यांदा कर. कानामागून आली आणि तिखट झाली! बावीस वर्षं मी सतरा सांभाळते आणि ही महिनाभरात येऊन मला सांगणार की सतरा सतरा नाही.

घरी आल्यावर जरा लाज वाटली. पोरीचा चेहरा उतरला होता.

६ फेब्रुवारी, शनिवार

फोटोवर माझा विश्वास नाही, पानावर आहे. म्हणून बुधवारी मीच डबे लावले होते. ओल्या कागदावर जुन्या जातीची पानं, जिला नुसतं बोट लावलं तरी डाग पडतात अशी. एका डब्यात सतराचे थेंब, दुसऱ्यात २१३ चे.

आज उघडले. २१३ ची पानं काळी ठिक्कर. सतराची पानं हिरवीगार, जणू आत्ताच झाडावरून उतरली.

मी झाकण लावलं, पुन्हा उघडलं. हिरवीच होती. वाघ म्हणून बावीस वर्षं ज्याला खाऊ घातलं त्याच्या तोंडात दात नाहीत, असं झालं. आणि धाकटीला पास केलं ते या बिनदातांच्या सतराने.

७ फेब्रुवारी, रविवार

हे ग्रीनहाऊसला गेले, मी रजिस्टरं घरी आणून वाचत बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळं माझ्याच अक्षरात होतं.

आधीच्या मॅडमनी, त्या आता नाहीत, एक शिस्त घालून दिली होती. तिला आम्ही पानफेरी म्हणायचो. वर्षातून एकदा प्रत्येक बुरशी तिच्या झाडाच्या पानावर सोडायची, डाग पडू द्यायचा आणि डागातूनच ती परत घ्यायची. अकरा वर्षांपूर्वीची नोंद: ‘पानफेरी बंद. पानाबरोबर बाहेरची घाण कपाटात येते. अनावश्यक.’ खाली माझी सही, चांगली ऐटदार.

नंतरच्या परीक्षांच्या नोंदीही वाचल्या. त्या जुन्या जातीवर दर वेळी डाग पडायलाच हवेत, तीच आमची खूण. सहा वर्षांपूर्वी लिहिलंय, ‘डाग कमी, हवा कोरडी.’ चार वर्षांपूर्वी, ‘डाग फिकट, पानं जून.’ तीन वर्षांपूर्वी, म्हणजे धाकटीच्या परीक्षेच्या वेळी, ‘दोन ठिकाणी डाग, पुरेसे.’ पुरेसे! नाचता येईना तर अंगण वाकडं. हवा कोरडी, पानं जून, सगळ्यांना दोष दिला. आपल्या सुईकडे काही बघितलं नाही.

यांना काय सांगू? नऊ वर्षं.

८ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आधी भिंगरीची माफी मागितली. ती इतकी खूश झाली की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मग तिच्याकडून नीट समजून घेतलं.

ते बारकं गुणसूत्र जादाचं असतं. बुरशीला जगायला, वाढायला ते लागत नाही. झाडावर हल्ला करायचा असेल तरच त्याचा उपयोग. बशीत आयतं साखरपाणी मिळत असताना ते ओझंच, म्हणून पेशी वाढता वाढता कधीतरी गळून जातं. गळालेल्या बुरशीचं बिघडत काहीच नाही.

“आणि काकू, बाकीच्या गुणसूत्रांशी त्याचं फारसं जुळतही नाही. दुसऱ्याच कुठल्या बुरशीकडून आलं असावं असं वाटतं.”

“म्हणजे घरजावई म्हण की! असला तरी घर चालतं, नसला तरी चालतं.”

ती हसत सुटली. म्हणाली, प्रबंधात असं लिहिता येईल का विचारते. मग मी तिला माझ्या पांढऱ्या झालरीबद्दल सांगितलं. तिचं हसू थांबलं. हळूच म्हणाली, “ती झालर बहुतेक घरजावई नसलेल्यांची असावी. ओझं नाही म्हणून जोरात वाढतात. काळपट भागात जुन्या असतील.”

म्हणजे दर तीन महिन्यांनी, वर्षातून चारदा, मी नीट भिंगातून बघून, सगळ्यांत सुंदर तुकडा निवडून सतराचे दात काढत होते. आळशीपणा केला असता, डोळे मिटून कुठलाही तुकडा उचलला असता, तरी बरं झालं असतं. माझ्या नीटनेटकेपणाचं आयुष्यभर कौतुक झालं, त्याचं हे फळ.

भिंगरी म्हणाली, “सरांना मी सांगू का?” नको म्हटलं. ते माझं काम आहे.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं नाही. जेवताना तोंड उघडलं आणि “वरण गरम करू का?” एवढंच बाहेर आलं.

हे मात्र आजकाल चमत्कारिक वागतात. जेवण झाल्यावर उठत नाहीत, समोर बसून राहतात. आज म्हणाले, “तुला काही बोलायचंय का?” मी म्हटलं, नाही, तुम्हाला? म्हणाले, “मला नाही. तुला असेल तर बोल, मी आहे.” एरवी मी बोलायला लागले की यांना ग्रीनहाऊसची किल्ली आठवते.

पाकिटांचा दुसरा नमुना आला होता. या वेळी लाल बरा, पण हिरवा आवडला नाही.

१७ फेब्रुवारी, बुधवार

आजही नाही. पाच दिवसांत तीनदा ठरवलं आणि तीनदा कच खाल्ली. मला यांच्या रागाची भीती नाही, राग यांना येतच नाही. भीती ही आहे की हे काहीच म्हणणार नाहीत, ग्रीनहाऊसमध्ये जातील आणि नऊ वर्षांच्या झाडांकडे बघत उभे राहतील, आणि ते मला खिडकीतून दिसेल.

पण तिसरा नमुना मंजूर झाला तर बी बाहेर जाईल. लोक विश्वासाने लावतील. निम्म्या हंगामात पानं काळी पडली म्हणजे कळलं त्यांना. त्यांचं वर्ष जाईल, आणि यांचं नाव. रविवारी सांगायचंच. इथे लिहून ठेवते म्हणजे पळता येणार नाही.

२१ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

हे ओसरीवर खुर्चीचा पाय ठोकत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि एका दमात सगळं बोलले. सतरा बिनविषारी झाली. पानफेरी मी बंद केली. पांढरा तुकडा मी निवडत गेले. धाकटीची परीक्षा खोटी ठरली. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

यांनी हातोडी खाली ठेवली. “बरं,” म्हणाले. खिळे गोळा करत म्हणाले, “झालं ना सांगून? आता बस. चहा करतो.”

चहा! मी इतकी चिडले की रडू यायचं ते राहूनच गेलं. “अहो, नऊ वर्षांचं काम मातीत गेलं आणि तुम्ही चहा कसला करताय?”

“मातीत कुठे गेलं? मातीत आहे ते,” म्हणाले. “२१३ ला दात आहेत ना? चाळीस झाडांची पानं घेऊ. नवीन परीक्षा. तू घ्यायची.”

“मी? माझ्या हातून एवढं झाल्यावर?”

“मग कुणी घ्यायची? पांढरं आणि काळं तुझ्याइतकं आता कुणाला कळतं?”

यांना धक्का बसला असणार, काही माणसं धक्क्यात अशी शांत होतात. म्हणून मी यांच्या कपात एक चमचा साखर जास्त घातली. दुपारी जेवून हे आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. गेला दीड महिना धड झोप नव्हती यांना, कूस बदलत असायचे. आणि आज, एवढी वाईट बातमी ऐकून, सुखाने घोरतायत! पुरुषांचं मन देवालाही कळायचं नाही.

मीही अंग टाकलं. खूप दिवसांनी हलकं वाटलं.

२२ फेब्रुवारी, सोमवार

संचालकांकडे आम्ही दोघं गेलो. ते आधी पांढरे पडले, मग हिशेब सुचला तसा त्यांनी विचारलं, बी किती बाहेर गेलं? एकही पाकीट नाही. रंगाच्या भानगडीत सगळं गोदामातच पडून आहे. नशीब म्हणतात ते हेच! यांच्या किरकिरेपणाला मी आयुष्यभर नावं ठेवली, आज पहिल्यांदा त्याचे आभार मानले. तसं म्हटलंही यांना. हे खाली बघून चष्मा पुसत बसले. कौतुक केलं की यांना असंच होतं.

संचालक म्हणाले, अहवालात ‘बुरशीतील नैसर्गिक बदल’ असं लिहू, कुणाचं नाव नको. भले आहेत ते. पण मी नको म्हटलं. गुणसूत्र गळालं ते निसर्गाने, कबूल. गळालेल्यांना वेचून वेचून पुढे कुणी नेलं? ते लिहिलं नाही तर माझ्या जागेवर उद्या जी येईल तीही मंडईतल्यासारखंच निवडेल. रजिस्टरमध्ये मी लिहिणार, असं सांगितलं. ‘लिहा बाई,’ म्हणाले.

सगळ्या कपाटाची पानफेरी पुन्हा सुरू करायची आहे. भिंगरी मदतीला आहे. दोनशे तेरा बुरश्या, सात महिने. वेळ पुरेल.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी नऊला डबे उघडले. मंगळवारी चाळीस झाडांच्या पानांवर २१३ चे थेंब सोडले होते. शेजारी जुन्या जातीचा डबा होता, तो आधी बघितला. काळा. म्हणजे आज परीक्षा खरी होती.

मी भिंगातून बघून सांगत होते, हे पेन्सिलीने लिहीत होते, भिंगरी चक्क एका जागी उभी होती. एक, स्वच्छ. दोन, स्वच्छ. तीन, स्वच्छ. चार, डाग. चार म्हणताना माझा आवाज फाटला. यांनी नुसतं “पुढे” म्हटलं. मग मी थांबले नाही. पाच स्वच्छ, सहा स्वच्छ, सात डाग. शेवटचं पान होईपर्यंत माझ्या मानेला रग लागली.

चाळिसात नऊंवर डाग. एकतीस स्वच्छ.

“नऊच?” हे म्हणाले आणि हसले, दात दिसतील इतके. “मी निम्मी धरून चाललो होतो!” रविवारी कळलं आणि पाच दिवसांत निम्मी धरून मोकळेही झाले. गणित यांचं पहिल्यापासून असंच.

भिंगरीने विचारलं, “मग सर, आता?” यांनी समजावलं, की धाकटी वाईट नाही, सरमिसळ आहे. खऱ्या परीक्षेअभावी कमजोर झाडं आत राहून गेली. एकतीस झाडांचं बी वेगवेगळं धरायचं, कारण त्यांतल्या काहींच्या पोटात कमजोरी लपलेली असू शकते. पुन्हा लावायचं, पुन्हा परीक्षा. दोन हंगाम. यांच्या निवृत्तीला चौदा महिने आहेत. “बसतंय,” म्हणाले, “अगदी मापात बसतंय.” आणि माझ्याकडे बघून, “तू सात महिन्यांनी जाशील, पण डबे उघडायला यायचं. बोलावणं धाडीन.” म्हटलं, बिनपगारी? म्हणाले, “चहा देईन.”

दुपारी मी सतराच्या पानावर नोंद केली. सगळं लिहिलं, पानफेरीचं, झालरीचं, कोरड्या हवेचं. शेवटी लिहिलं, ‘वरील सर्व दोष माझा,’ आणि सही केली. ऐट नाही, साधी सही.

हे मागे उभे राहून वाचत होते ते मला माहीत नव्हतं. हात पुढे करून माझं पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली लिहिलं, ‘आणि माझाही. गप्प राहिलो.’ स्वतःची सही केली, तारीखही घातली.

मी भडकले. माझ्या रजिस्टरमध्ये एकतीस वर्षांत दुसऱ्या कुणी अक्षर उमटवलेलं नाही! आणि कसला दोष, कसलं गप्प? रविवारी मी सांगितल्याबरोबर सोमवारी संचालकांसमोर उभे होते, यात गप्प कधी राहिले? उगाच माझ्या ओझ्याला खांदा द्यायचा म्हणून काहीतरी लिहायचं. म्हटलं, खोडा ते आत्ताच्या आत्ता.

“राहू दे गं,” म्हणाले, आणि कुंड्या धुवायला निघून गेले. रजिस्टरमध्ये खाडाखोड करायची नाही हा माझाच नियम, म्हणून राहू दिलं.